अशेरीगडाचे पाहुणे

बालमित्रांनो, वसईचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेबद्दल निदान वाचलं तरी असेल. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि मे १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. ते गेले, पण जाताना पाव, बटाटा, पगार, चावी, बादली असे कितीतरी शब्द आपल्या तोंडी ठेवून गेले. आहे की नाही गंमत?

तर काय झालं, सातवीच्या वर्गात मी एकदा हेच सांगत होते. वसई हे पोर्तुगीजांचं मोठं ठाणं होतं, तिथे जहाजं बांधली जात, असं म्हटलं मात्र, शेवटच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, जहाजाला लाकूड केवढं लागत असेल! ते आणायचे कुठून? आपल्याकडे तर केळी नाहीतर नारळ. केळीचं काय जहाज होतं?"

सगळा वर्ग खो खो हसला. प्रश्न विचारणारा आमच्या वर्गातला सर्वांत बडबड्या गडी होता. पण खरं सांगते, प्रश्न अगदी लाखमोलाचा होता. उत्तर मला ठाऊक होतं. चांगलं सागवान मिळायचं ते उत्तरेकडच्या डोंगरांत, अशेरीगडाच्या आसपासच्या जंगलात. ते फळ्यावर लिहून मोकळी झाले असते तर दोन मिनिटांत तास संपला असता. पण म्हटलं, नुसतं सांगण्यापेक्षा दाखवूनच आणूया.

आणि अशी ठरली आमची सहल. फेब्रुवारीतला एक रविवार, चौदा मुलं-मुली, आम्ही दोघी शिक्षिका आणि हौसेनं आलेले दोन पालक.

पुलावरची नदी

भल्या पहाटे विरारहून गाडी पकडली. विरारच्या पुढे लोकलची गर्दी कमी होते आणि खिडकीतून इमारती मागे सरून मिठागरं, खाड्या, शेतं दिसू लागतात. वैतरणा स्टेशन गेलं आणि गाडी धडधडत पुलावर चढली. खाली वैतरणेचं रुंद पात्र पसरलं होतं. मुलं खिडक्यांना चिकटली.

"बाई, ही नदी कुठून येते?"

"सह्याद्रीतून, त्र्यंबकेश्वरच्या बाजूनं. वाटेत तिला सूर्या नावाची नदी मिळते. हिला नीट बघून ठेवा, संध्याकाळी परत भेटणार आहोत."

हे मी सहज बोलून गेले. संध्याकाळी याच पुलावर आमचा अख्खा डबा गप्प होऊन बाहेर बघत बसेल, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. तिथून मनोरची एस.टी. या रस्त्यावर वाघोबा खिंड लागते. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. वाघाचं देऊळ ऐकून मुलांना भारी नवल वाटलं. या भागातले वारली लोक वाघाला देव मानतात. लाकडाच्या फळीवर नाहीतर दगडावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले देव पाड्यापाड्यावर असतात. जंगलात राहायचं तर जंगलाच्या राजाशी भांडून कसं चालेल? त्याचा मान राखून राहायचं, ही त्यामागची रीत.

पुढे मासवणच्या परिसरात सूर्या नदी लागते. मनोरच्या मस्तान नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग भेटला. तिथून दोन जीपगाड्या ठरवून थोडं पुढे गेलो, की आलंच गडाच्या पायथ्याचं खोडकोना गाव. महामार्गावर ट्रक धावत होते आणि रस्ता सोडून पाच मिनिटं आत चाललो तर कोंबड्यांचा आवाज, शेणानं सारवलेली अंगणं आणि समोर डोक्यावर रुंद पठार घेऊन बसलेला अशेरीगड!

माझी चूक

आता मुलांनो, एक कबुली देते. शिक्षकांच्याही चुका होतात. सहलीच्या यादीत मी लिहून दिलं होतं, 'प्रत्येकी पाण्याची एक बाटली.' फेब्रुवारी म्हणजे थंडीच, असा माझा हिशेब. पण कोकणातली थंडी उन्हं वर येईपर्यंतच. गावात पोचलो तेव्हाच निम्म्या बाटल्या अर्ध्या झालेल्या.

एका घराच्या ओटीवर एक आजोबा बांबूच्या पट्ट्यांची टोपली विणत बसले होते. आम्ही "जोहार!" म्हटलं. इथले आदिवासी बांधव एकमेकांना भेटताना जोहार म्हणतात, हे मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. चौदा गळ्यांतून एकदम जोहार ऐकून आजोबांच्या हातातली पट्टीच थांबली. ते खळखळून हसले.

"जोहार, जोहार! कुठून आलात एवढी पोरं घेऊन?"

"विरारहून. गड बघायचाय. वाट दाखवाल का?"

आजोबांनी आमच्या पायांकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे पाहिलं. "पाणी एवढंच?" त्यांनी विचारलं. मी ओशाळून मान हलवली.

"बेस. वरती टाक्यात हाय. पण कुठल्या टाक्यातलं प्यायचं ते ठाऊक पायजे. माझी नात येल संगती."

नात बाहेर आली. आश्रमशाळेत नववीत शिकणारी, दोन दिवसांसाठी घरी आलेली. पायात साध्या चपला, हातात एक कोयती. आजोबाही टोपली बाजूला ठेवून उठले. वाट दाखवण्याचे किती घ्याल, म्हणून आम्ही विचारलं. त्यांनी सरळ आकडा सांगितला, आम्ही सरळ कबूल केला. पालकांनो, गडावर जाताना गावातला वाटाड्या जरूर घ्या आणि त्याच्या कष्टाचे पैसे घासाघीस न करता द्या. त्याच्याजवळ असते ती माहिती कुठल्याच पुस्तकात नसते.

जंगलातली शाळा

वाट झाडीत शिरली. एरवी वर्गात मी विचारते आणि मुलं उत्तरं देतात. इथे उलटंच झालं. आमची ही नववीतली ताई विचारायची आणि आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायचो.

"हे झाड कोणतं?"

"आंबा!" आमचा बडबड्या ठोकून द्यायचा.

"आंबा कसला? साग हाय हा. पान चोळ बरं हातावर."

त्यानं कोवळं पान तळहातावर चोळलं आणि तळवा लालसर झाला. सगळ्यांनी मग आपापले हात रंगवून घेतले. अरे, हाच तो साग! पाण्यात लवकर कुजत नाही, वाळवी सहसा लागत नाही, म्हणून जहाजाला उत्तम. त्याच्या लाकडातच एक प्रकारचं नैसर्गिक तेल असतं. आमच्या बडबड्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर असं हातावर मिळालं.

पुढे ताईनं मोह दाखवला, पळस दाखवला. पळसाला पानं कमी आणि केशरी फुलं जास्त, जणू झाडाला कुणी पणत्या लावल्यात. कारवीच्या काठ्या दाखवून ती म्हणाली, "याचाच आमच्या घराचा कूड." कूड म्हणजे भिंत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर माती आणि शेणाचा लेप द्यायचा. उन्हाळ्यात घर थंड राहतं आणि सिमेंटची एक गोणसुद्धा लागत नाही.

तासाभराच्या चढणीनंतर झाडी मागे पडून कातळ लागला. खोदीव पायऱ्या लागल्या आणि मग तो अवघड टप्पा. पूर्वी इथे खोबणीत बोटं अडकवून चढावं लागे. आता लोखंडी शिडी बसवली आहे. आजोबा खाली उभे राहिले, ताई वर. एकेकाला "हात धर, खाली बघू नको, पाय ठेव," असं म्हणत तिनं चौदाच्या चौदा जणांना वर घेतलं. आम्हा मोठ्यांनाही!

झेंड्यावरची ढाल

शिडीच्या वरच्या अंगाला, दरवाजाच्या जागी, एक कोरीव दगड आहे. वरती मुकुट, खाली ढालीसारखा आकार. ऊनपावसानं झिजलेला, पण ओळखू येतो. हे पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह.

"बाई, थांबा!" आमचा बडबड्या ओरडला. "ही ढाल मी पाहिलीय! फुटबॉलच्या मॅचमध्ये, पोर्तुगालच्या झेंड्यावर!"

आणि त्याचं अगदी बरोबर होतं. पोर्तुगालच्या आजच्या राष्ट्रध्वजावर मधोमध जी ढाल आहे, ती याच जुन्या राजचिन्हातली. तिच्यात पाच छोट्या ढाली आहेत आणि भोवतीच्या लाल पट्टीत सात किल्ले. घरी गेल्यावर झेंड्याचं चित्र काढून मोजून पाहा. कुठे युरोपातलं पोर्तुगाल आणि कुठे आपल्या पालघर जिल्ह्यातला हा दगड!

अशेरीगड तसा फार जुना, शिलाहार राजांच्या काळातला मानतात. १५५६ साली तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. सुमारे १,६८० फूट उंचीच्या या गडावरून भोवतालच्या जंगलावर आणि वाटांवर नजर ठेवता येत असे. पुढे काही काळ संभाजी महाराजांच्या फौजेनं तो घेतला, पुन्हा पोर्तुगीजांकडे गेला आणि वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत कायमचा त्यांच्या हातून सुटला. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांचा अंमल सुरू झाला.

एवढी राज्यं आली आणि गेली. झाडं कुणी तोडली असतील, ओंडके कुणी ओढले असतील, पायऱ्यांचा दगड कुणी फोडला असेल? दगडावर राजाचा मुकुट आहे. त्या माणसांचं नाव मात्र कुठे कोरलेलं नाही. मी हे म्हटलं तेव्हा आजोबा पुढे चालत होते. ते मागे न वळता म्हणाले, "आमचंच कुणी असल. दुसरं कोण येतंय हितं?"

टाक्यातलं पाणी

माथा चांगला विस्तीर्ण आहे. जुन्या वाड्यांची जोती, एक तळं, कातळात कोरलेली गुहा. गुहेत देवी आहे, गावकऱ्यांची मोठी श्रद्धा आहे तिच्यावर. चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकताच असं गार वाटलं, की कुणाला उठावंसंच वाटेना.

आणि गुहेपासून जवळच पाण्याची टाकी. मुलांनो, टाकी म्हणजे तुमच्या इमारतीच्या गच्चीवरची नव्हे हं! गडावरचं टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. जुन्या लोकांची हुशारी बघा. टाकं खोदलं की निघालेला दगड भिंतींना कामाला येई आणि झालेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठे. एका कष्टात दोन कामं! गडाला तोफा असोत नसोत, पाणी हवंच. पाणी संपलं की गड पडला.

एका टाक्यात शेवाळ होतं. दुसऱ्यातलं पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. ताई म्हणाली, "हे प्यायचं. गुरं राखायला येतात ते, देवीला येतात ते, आखी हेच पितात." तिनं कडेला बसून, हात पाण्यात न बुडवता, अलगद बाटली भरली. आम्ही पाणी आमच्या रुमालातून गाळून घेतलं. तहान लागल्यावर त्या गार पाण्याची जी चव लागते, ती मी शब्दांत काय सांगू?

पुढे जे झालं ते मी लिहू की नको, असा बराच विचार केला. शेवटी ज्याची ही गोष्ट आहे त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिहा बाई, पण माझं नाव नका लिहू."

जेवणाचे डबे उघडले होते, सगळे गुहेच्या सावलीत बसले होते. आमच्या बडबड्याचे बूट चढताना चिखलानं भरले होते. तो कुणाला न सांगता टाक्याकडे गेला आणि कडेवर बसून दोन्ही पाय बुटांसकट त्या स्वच्छ पाण्यात सोडून खळखळ धुऊ लागला. त्याला वाटलं, एवढं पाणी आहे, काय होतंय?

ताई बाटली भरायला पुन्हा तिकडे गेली आणि थबकली. पाणी गढूळ झालं होतं. ती ओरडली नाही, रागावली नाही. रिकामी बाटली तशीच घेऊन परत आली आणि आजोबांशेजारी बसून राहिली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, तेही काही बोलले नाहीत. ते दोघे उतरेपर्यंत पाणी प्यायले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

वर्गात मी असते तर चांगली खरडपट्टी काढली असती. पण तिथे मला बोलवेना. पाणी कमी आणायला सांगणारी मीच, आणि 'टाक्यात हातपाय धुऊ नका' हे आधी न सांगणारीही मीच. उतरताना आमचा बडबड्या पहिल्यांदाच गप्प होता.

माहेरची पोरं

गावात परतलो तेव्हा उन्हं कलली होती. आजींनी अंगणात चटया टाकून ठेवल्या होत्या. घराच्या गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली पांढरी चित्रं होती. दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं, फेर धरून नाचणारी, मधे तारपा वाजवणारा. हीच ती वारली चित्रकला. लग्नाच्या वेळी घरच्या बायका भिंतीवर देवचौक लिहितात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून साऱ्या जगात नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. चित्रकलेच्या वहीतली वारली चित्रं आमच्या मुलांना माहीत होती. खऱ्या भिंतीवरची मात्र ती प्रथमच पाहत होती.

आजींनी मातीच्या मडक्यातलं पाणी दिलं, मग कोरा चहा आणि तांदळाच्या भाकरीचे तुकडे. सगळी मुलं पाण्यावर तुटून पडली. फक्त एक पेला तसाच भरलेला राहिला.

"का रं बाळा, गोड नाय का लागत?" आजींनी विचारलं.

आमचा बडबड्या उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "आजी, मी वरच्या टाक्यात बूट धुतले," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. चुकलो."

अंगणात कुणी बोलेना. आजींनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

"सांगितलंस ते बेस केलंस. गाळ दोन दिसांत खाली बसंल," त्या म्हणाल्या. "पण पोरा, पावसाला अजून चार महिने हायत. तवर त्या टाक्यात एक थेंब नवा पडायचा नाय."

बस्स, एवढंच. पाणी जपून वापरा, हे वाक्य मी इतकी वर्षं वर्गात सांगत आले. पण त्या दिवशी माझ्याही ते पहिल्यांदा पोटात गेलं. आमच्यासाठी पाणी म्हणजे नळ. आला की आला, नाही आला तर टँकर. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे मोजलेले महिने.

वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून मी आजींना विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

त्यांनी हात लांब डोंगरांकडे केला. "धामणीकडलं. आता नाय. सूर्याचं धरण झालं, त्यात गेलं. म्हायेर पाण्याखाली हाय माझं."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मुलांनो, तुम्हाला माहीत आहे का, वसई-विरारला पाणी कुठून येतं? थोडं आपल्या तालुक्यातल्या पेल्हार आणि उसगाव धरणांतून, पण बरंचसं याच सूर्या नदीचं. धामणीच्या धरणात ते साठतं, कवडासच्या बंधाऱ्यापाशी येतं आणि पुढे शुद्ध होऊन मोठाल्या नळांतून मैलोगणती प्रवास करत आपल्या घरी पोचतं. सकाळी आपण बादलीत सोडतो ते पाणी आजींच्या माहेरावरून आलेलं असतं.

हे सांगावं की न सांगावं? गावं उठतात तेव्हा माणसांचं काय काय मागे राहतं, हे त्या भोगलेल्या. त्यांना कसं वाटेल? पण त्यांच्याच अंगणात बसून लपवणं बरं दिसेना. मी हळूच म्हटलं, "आजी, त्या धरणाचं पाणी आमच्या गावाला येतं. ही मुलं तेच पितात."

आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकेका मुलाकडे पाहिलं. आणि हळूहळू त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हंजे माझ्या म्हायेरचं पाणी पिता?" त्या म्हणाल्या. "मग तर तुमी माझ्या म्हायेरचीच पोरं की! घे रं बाळा, पी ते पाणी. म्हायेरच्या माणसानं उपाशी-तापाशी जायचं नसतं."

त्यानं पेला तोंडाला लावला. एक थेंब खाली न सांडता त्यानं ते पाणी संपवलं.

निघताना आजोबांनी वाट दाखवण्याचे ठरलेले पैसे घेतले. आम्ही चहा-भाकरीचेही द्यायला गेलो, तर त्यांनी आमचा हात मागे सारला. "वाटेचे घेतले. पाण्याचे नाय घेत आमी."

परतीचा पूल

संध्याकाळी गाडी वैतरणेच्या पुलावर चढली. पाण्यावर शेवटचं ऊन पडलं होतं. कुणी काही न सांगता सगळी मुलं खिडक्यांशी गेली. सूर्या याच नदीला येऊन मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याच्या जवळ समुद्राला. एका छोट्या मुलीनं खिडकीतून हात हलवला. "कुणाला गं?" मी विचारलं. "आजींच्या माहेराला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी आमचा बडबड्या उभा. एक नळ नेहमी गळतो, शिपाईमामांकडून सुतळी मागून तो ती नळाला बांधत होता. नळ काही त्यानं पुरता थांबला नाही, दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलवावा लागला. पण त्यानं खाली बादली मात्र लावून ठेवली होती आणि ती भरली की बागेतल्या झाडांना नेऊन घालत होता.

पुढच्या महिन्यात मुलांनी अशेरीगडाच्या सहलीचं एक मोठं चित्र काढलं. डोंगर, साग, शिडीवर हात धरणारी ताई, टाकं, अंगणातल्या आजी. एका पाकिटात घालून ते खोडकोन्याला पाठवलं. खाली चौदा नावं आहेत आणि त्यांच्यावर एका ओळीत लिहिलंय, 'तुमच्या माहेरची पोरं'.

आई-बाबांसाठी दोन शब्द

अशेरीगडाला मुलांना न्यायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पहाटे लवकर निघा. माझी चूक करू नका, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी घ्या. बूट घसरू नयेत असे हवेत. शिडीच्या टप्प्यावर मोठं माणूस वर एक आणि खाली एक उभं राहू द्या. टाक्यातलं पाणी घेताना भांड्यानं काढून बाजूला घ्या, हातपाय लांब जाऊन धुवा. कातळावर, गुहेत नावं लिहू नका आणि नेलेला कचरा परत आणा.

तुम्ही काय कराल?

बालमित्रांनो, आता तुमची पाळी. तुमच्या घरच्या नळाचं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या धरणातलं, हे शोधून काढा. आईबाबांना विचारा, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. नकाशावर त्या नदीची वाट बोटानं काढा. ती ज्या गावांतून येते त्यांची नावं वहीत लिहा. आणि कधी त्या बाजूला गेलात, तर तिथल्या आजी-आजोबांना जोहार, रामराम, नमस्कार, जे तिथे म्हणत असतील ते म्हणा. कोण जाणे, तुम्हीही कुणाच्या तरी माहेरचीच पोरं निघाल!